पुलाच्या गर्डरसाठी एम६० सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट : मराठवाड्यातल्या साइटवर मिश्रण बसवताना

पीएससी (प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आतल्या पोलादी केबलला ताण दिलेल्या) गर्डरच्या टोकाशी जाऊन एकदा आत वाकून बघा. केबलचे अँकर, त्यांच्यामागचे स्पायरल, जवळजवळ बांधलेल्या रिंगा, केबल ओवायच्या नळ्या म्हणजे डक्ट आणि वर काढलेले गज यांची एवढी गर्दी असते की व्हायब्रेटरची सुई घालायला जागा सापडत नाही. शटरिंग खोललं की हनीकोंब (पेस्ट न पोचल्यानं राहिलेल्या पोकळ्या) नेमकं तिथंच पडलेलं असतं. ताण देताना सगळ्यात जास्त जोर येतो तोही त्याच जागी. पियर कॅप (खांबाचा माथा) आणि डायफ्राम (दोन गर्डर जोडणारी आडवी भिंत) यांच्या सांध्यातही हेच होतं. अशा जागांसाठी व्हायब्रेटर न मारता स्वतःच्या वजनानं वाहत जाऊन बसणारं काँक्रीट लागतं. साइटवर त्याला सगळे एससीसी म्हणतात.

कल्पना जपानची. टोकियो विद्यापीठातले प्रा. हाजिमे ओकामुरा यांनी ती १९८६ मध्ये मांडली आणि १९८८ मध्ये पहिलं यशस्वी मिश्रण तयार झालं. कुशल कामगार कमी पडत होते आणि नीट न दाबलेलं काँक्रीट लवकर खराब होत होतं, हे त्यामागचं कारण. १९९८ मध्ये खुल्या झालेल्या जपानमधल्या आकाशी काइक्यो या झुलत्या पुलाच्या अँकरेजला (केबलची टोकं धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यांना) हेच काँक्रीट वापरलं आणि त्या भागाचं काम अडीच वर्षांवरून दोन वर्षांवर आलं. आपल्याकडे आता आयएस (भारतीय मानक, म्हणजेच कोड) १०२६२ : २०१९ मध्ये एससीसीच्या मिक्स डिझाइनची पद्धत दिलेली आहे आणि ताज्या मालाच्या चाचण्या आयएस ११९९ भाग ६ : २०१८ मध्ये आहेत. त्यामुळे ‘कोडमध्ये नाही’ ही सबब आता चालत नाही.

सुरुवातीलाच एक सांगतो. एम६० ची ताकद, म्हणजे क्यूबला दर चौ. मिमीला ६० न्यूटन, गाठणं मराठवाड्यात अवघड नाही. आपला काळा दगड चांगला आहे, सिमेंट चांगलं मिळतं. अवघड आहे ते सकाळी आठला मिळालेला फ्लो (मालाचं पसरणं) दुपारी दोनलाही तसाच मिळवणं. या लेखात ताकदीपेक्षा वाळू, पाणी आणि उन्हावर जास्त लिहिलंय, ते त्यासाठीच.

आधी ठरवा, कुठे वापरायचं

सगळ्या पुलाला एससीसी लावायचा हट्ट धरू नका. गर्डरची टोकं, पातळ वेब (गर्डरची उभी भिंत), दाट गजांची पियर कॅप, डायफ्राम आणि जुन्या पियरचं जॅकेटिंग (भोवतीनं नवं काँक्रीट चढवणं) या त्याच्या जागा. डेक स्लॅबला मात्र ते टाळा. स्लॅबला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, वळणावर आणखी जास्त असतो. हा माल तर स्वतःहून समपातळीत येतो, उतारावरून खाली सरकत राहतो. तिथं नेहमीचा पंपाचा माल आणि व्हायब्रेटरच बरा. फाउंडेशनच्या साध्या राफ्टलाही एससीसी म्हणजे फुकटचा खर्च.

पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून एक उदाहरण धरू : गोदावरीवरचा ४० मीटर गाळ्यांचा पूल, पीएससी गर्डर, ग्रेड एम६०. आयएस ४५६ च्या सुधारित तक्त्यात एम६० पर्यंत स्टँडर्ड आणि एम६५ पासून वर उच्च ताकदीचं काँक्रीट धरलेलं आहे.

साहित्य : खरी परीक्षा वाळूची

सिमेंट ओपीसी ५३ घ्या, आणि पूर्ण गर्डरसाठी एकाच कारखान्याचं घ्या. मध्येच ब्रँड बदलला तर अ‍ॅडमिक्स्चरशी (माल पातळ करणाऱ्या रसायनाशी) त्याचं जमेलच असं नाही.

फ्लाय अ‍ॅशसाठी (औष्णिक वीज केंद्राची राख) मराठवाड्याला परळी जवळ. तिचे गोल कण माल वाहायला मदत करतात, उष्णता कमी करतात. आयएस ३८१२ भाग १ प्रमाणे दर टँकरचा बारीकपणा आणि न जळालेल्या कोळशाचं प्रमाण तपासून घ्या. राखेत कोळसा जास्त असेल तर तो अ‍ॅडमिक्स्चर शोषून घेतो, आणि तुम्ही मात्र दिवसभर डोस वाढवत बसता. राखेचा रंग नेहमीपेक्षा काळपट दिसला तर टँकर सायलोत रिकामा करू नका, आधी चाचणी. दुसरी गोष्ट, पुरवठ्याची. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या राखेवर एक पर्यायी मिश्रण सुरुवातीलाच मंजूर करून ठेवावं.

मायक्रोसिलिका (सिलिकाची अतिबारीक पूड) थोडीच लागते, एकूण बाइंडरच्या (सिमेंट, राख आणि मायक्रोसिलिका मिळून) पाच टक्क्यांच्या आसपास. तिच्यामुळे ताकद वाढते, आणि खडी व पेस्ट यांच्यातला सांधा घट्ट होतो. ती हाताळताना मास्क लावल्याशिवाय गडी आत सोडू नका, धूर डोळ्याला दिसत नाही इतका बारीक असतो.

खडी १२.५ मिमीच्या आतली. पंचवीसची तर सोडाच, वीसचीही दाट गजांत अडकते. दगड बेसाल्ट, सापेक्ष घनता साधारण २.८ ते २.९. पण सगळा काळा दगड सारखा नसतो. ज्या थरात पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा दगड लागतो, त्याची खडी पाणी जास्त पिते आणि लवकर फुटते. क्रशरवर न जाता नुसता चलनावरचा शिक्का पाहून खडी घेऊ नका. खाणीत जा, कोणता थर चालू आहे ते बघा. चपट्या आणि लांबट खडीला आयएस ३८३ : २०१६ मध्ये एकत्रित ४० टक्क्यांची मर्यादा आहे, एससीसीसाठी ती ३० च्या आत आणा. नुसत्या जॉ क्रशरची खडी इथे कामाची नाही, व्हीएसआय (खडी आपटून गोलसर करणारं यंत्र) लावलेल्या क्रशरचीच घ्या.

आता वाळू. नदीची वाळू मिळणं अवघड झालंय, मिळाली तरी रोज वेगळी. म्हणून धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) हा पाया धरा. कोड क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालवतो, पण एवढी भुकटी एम६० च्या एससीसीत नको. ती पाणीही खाते आणि अ‍ॅडमिक्स्चरही. क्रशरवरची फेकायची कच क्रश सँड म्हणून विकणारे आहेतच. दोन्ही चाळणीवर लगेच वेगळे ओळखू येतात.

भुकटीहून मोठा शत्रू म्हणजे काळी माती. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडणारी ती हीच. नव्या पिढीची पॉलिकार्बोक्सिलेट अ‍ॅडमिक्स्चर या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतात आणि सिमेंटपर्यंत पोचतच नाहीत. वाळूत एखाद-दोन टक्के काळी माती मिसळली तरी फ्लो कोसळतो. लोक म्हणतात अ‍ॅडमिक्स्चर खराब आलं. खरं तर वाळूचा ढीग शेताच्या कडेला, उघड्या काळ्या रानावर टाकलेला असतो, आणि लोडर बकेटीगणिक खालची माती उचलत असतो. उपाय स्वस्त आहे : ढिगाखाली पीसीसी (बिनगजाचं साधं काँक्रीट) टाका आणि लोडरवाल्याला तळ खरवडू नको म्हणून बजावा. शंका आली तर मिथिलीन ब्लूची (फुगणारी माती ओळखणाऱ्या रंगाची) चाचणी करून घ्या, नुसत्या गाळाच्या टक्क्यातून माती कोणती ते कळत नाही.

पाणी बोअरचं असेल तर काम सुरू व्हायच्या आत आणि नंतर दर उन्हाळ्यात तपासा. आयएस ४५६ प्रमाणे आरसीसीसाठी क्लोराइड ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत, सल्फेट ४०० च्या आत, पीएच ६ पेक्षा कमी नाही. पातळी खाली गेली की त्याच बोअरचं पाणी खारट होत जातं, आणि प्रीस्ट्रेसच्या तारांना क्लोराइड अजिबात सोसत नाही.

अ‍ॅडमिक्स्चरचा डोस मार्श कोनवर

सरळ मिक्सरमध्ये ट्रायल घेऊन पोतीच्या पोती वाया घालवण्याआधी, तुमचं सिमेंट, तुमची राख, मायक्रोसिलिका आणि तुमचं पाणी यांची नुसती पेस्ट मार्श कोनमधून (बारीक तोंडाच्या नरसाळ्यातून) सोडा. डोस थोडा थोडा वाढवत न्या. वाहायला लागणारा वेळ आधी भराभर कमी होतो, मग एका टप्प्यानंतर फारसा कमी होत नाही. तोच तुमचा कमाल डोस. त्यापुढे अ‍ॅडमिक्स्चर टाकून फ्लो वाढत नाही, फक्त माल फुटतो, म्हणजे खडी आणि पेस्ट वेगळी होते, आणि सेटिंग लांबतं. हीच चाचणी पेस्ट तासभर ठेवून परत करा, आणि शक्यतो एप्रिल-मेच्या दुपारी प्रयोगशाळेचा एसी बंद करून. २५ अंशांत छान वागणारं अ‍ॅडमिक्स्चर ४२ अंशांत अर्ध्या तासात हात टेकतं.

मिश्रणाचा हिशेब

लक्ष्य ताकद : एम६० साठी मानक विचलन (क्यूबच्या निकालांतला चढउतार) ५ धरलं की ६० + १.६५ × ५ = ६८.२५ न्यूटन प्रति चौ. मिमी. दुसऱ्या सूत्राने, म्हणजे कोडने या ग्रेडला दिलेले ६.५ मिळवून, ६० + ६.५ = ६६.५ येतात. जास्त असेल ते धरायचं, म्हणजे ६८.२५.

पाणी-बाइंडर गुणोत्तर ०.३१ च्या आसपास धरा. पाणी १७० किलो. मग बाइंडर ५४५ किलो. एकटं सिमेंट ४५० किलोच्या वर नेता येत नाही, त्यामुळे उरलेला भाग राख आणि मायक्रोसिलिका. एक घनमीटरसाठी पहिली ट्रायल अशी :

- ओपीसी ५३ : ४१० किलो
- फ्लाय अ‍ॅश : ११० किलो
- मायक्रोसिलिका : २५ किलो
- पाणी : १७० किलो
- अ‍ॅडमिक्स्चर, बाइंडरच्या १ टक्का : ५.४५ किलो
- क्रश सँड : ८८९ किलो
- १२.५ मिमी खडी : ८५५ किलो

हे आकडे जसेच्या तसे उचलू नका, ते कसे आले ते बघा आणि तुमच्या साहित्याच्या घनतेने परत काढा. सिमेंट ३.१५, राख आणि मायक्रोसिलिका २.२, अ‍ॅडमिक्स्चर १.०८ घनतेने भागलं आणि हवा १ टक्का धरली, की पेस्टचं आकारमान ०.३७७ घनमीटर होतं. उरतं ०.६२३. त्यातलं ०.३०० खडीला दिलं. एससीसीत खडी आकारमानाने २८ ते ३५ टक्के असते, आणि गज दाट असतील तर खालच्या टोकाकडे राहायचं. खडीची घनता २.८५, म्हणून ८५५ किलो. बाकी ०.३२३ वाळूला, घनता २.७५, म्हणून ८८९ किलो. एकूण वाळू-खडीत वाळू ५१ टक्के आली. नेहमीच्या मालापेक्षा ती जास्त दिसेल, मिस्त्री नाक मुरडेल, पण कोडची मर्यादा ४८ ते ६० टक्के आहे.

आता एक तपासणी. पावडर म्हणजे १२५ मायक्रॉनखालचं सगळं. बाइंडर ५४५ किलो, शिवाय धुतलेल्या वाळूतला असा भाग ५ टक्के धरला तर ४४ किलो. एकूण ५८९ किलो, म्हणजे ४०० ते ६०० च्या कक्षेत. पाणी आणि पावडर यांचं आकारमानाचं गुणोत्तर मात्र ०.८२ येतं. कोडमध्ये सर्वसाधारण कक्षा ०.८५ ते १.१० दिली आहे. ताकद आणि प्रवाह यांची ओढाताण इथेच सुरू होते. पाणी वाढवलं तर गुणोत्तर कक्षेत येतं पण ताकद जाते. न वाढवलं तर माल मधासारखा चिकट होतो, हळू वाहतो. मी एम६० ला हा चिकटपणा पत्करतो, कारण चिकट माल फुटत नाही. खूपच चिकट वाटला तर पाण्याला हात न लावता थोडं सिमेंट कमी करून राख वाढवावी.

मिक्सर आणि ट्रायल

ड्रम मिक्सरवर हे काम होत नाही. पॅन किंवा ट्विन शाफ्ट मिक्सर हवा. आधी वाळू-खडी आणि थोडं पाणी, मग सिमेंट, राख, मायक्रोसिलिका, नंतर उरलेलं बहुतेक पाणी, आणि शेवटच्या पाण्यातून अ‍ॅडमिक्स्चर. ते कोरड्या सिमेंटवर पडलं तर निम्मं वाया. माल दोन-तीन मिनिटं फिरू द्या. पहिल्या मिनिटाला तो कोरडा, मातीसारखा दिसतो, ऑपरेटर घाबरून पाणी सोडतो. त्याला थांबवा. पॉलिकार्बोक्सिलेटला काम करायला वेळ लागतो, आणि मग एकदम माल सैल होतो.

पहिली चाचणी स्लम्प फ्लो. ओली केलेली सपाट पत्र्याची प्लेट, त्यावर नेहमीचाच स्लम्प कोन. माल एकदाच भरायचा, सळईने ठोकायचा नाही. कोन उचलला की धिरड्यासारखा पसरतो. दोन दिशांना व्यास मोजून सरासरी काढा. गर्डरसाठी ६६० ते ७५० मिमी, म्हणजे एसएफ२ वर्ग. ५०० मिमीच्या वर्तुळापर्यंत पोचायला लागलेला वेळ म्हणजे टी५००. तो सेकंदकाट्यावर घ्या.

व्यास मोजून लगेच प्लेट धुवायला पाठवू नका. कडेकडेनं डोळा फिरवा. काठाला पाण्याचं किंवा पातळ पेस्टचं कडं दिसलं आणि मध्ये खडीचा ढीग राहिला, तर ७०० मिमी आले तरी तो माल नापास. चांगल्या मालात अगदी काठापर्यंत खडी पोचलेली असते.

व्ही-फनेलमधून माल ९ ते २५ सेकंदांत रिकामा झाला तर व्ही२ वर्ग; आपल्या मिश्रणाचं तेच होणार. फनेलमधून तो थांबत थांबत, गचके खात पडला तर खडी अडकतेय. एल-बॉक्समध्ये तीन गजांची जाळी लावून दोन टोकांच्या उंचीचं गुणोत्तर ०.८ किंवा जास्त हवं. चाळणी-पृथक्करणात, पंधरा मिनिटं स्थिर ठेवलेला माल ओतल्यावर चाळणीखाली गेलेला भाग १५ टक्क्यांच्या आत ठेवा.

काय बिघडलं तर काय करायचं, हे चाचण्यांच्या जोडीनं वाचायला शिकावं लागतं. फ्लो चांगला पण एल-बॉक्स नापास : खडी जास्त किंवा चपटी. फ्लो कमी आणि माल चिकट : डोस वाढवा, पण मार्श कोनच्या मर्यादेतच. फ्लो जास्त आणि काठाला पाणी : डोस कमी करा किंवा वाळूची ओल परत मोजा, दहातल्या आठ वेळा दोष ओलीचाच निघतो. पहिल्या मिनिटाला ७२० आणि तासाभरात ५५० : अ‍ॅडमिक्स्चरवाल्याला बोलावून स्लम्प टिकवणारा प्रकार मागा, पाणी मारून वेळ निभावू नका.

ट्रायल तिन्ही वेळी करा, सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी. आणि माल ९० मिनिटं ट्रान्झिट मिक्सरमध्येच फिरवत ठेवून परत मोजा. प्लांट गंगाखेडच्या बाजूला आणि गर्डर यार्ड नदीपलीकडे असेल, मध्ये उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली, तर तेवढा वेळ सहज जातो.

वाळूची ओल : रोजचं काम

आता वर म्हटलेली ओल म्हणजे नेमकं किती पाणी, ते बघा. ढिगातून थोडी आतली ५०० ग्रॅम वाळू घ्या, लोखंडी तव्यावर गॅसवर हलवत कोरडी करा, परत वजन करा. ४७६ ग्रॅम भरली तर पाणी २४ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वाळूच्या ५ टक्के. वाळूचं शोषण २ टक्के असेल तर मोकळं पाणी ३ टक्के. ८८९ किलो वाळूत ते झालं जवळजवळ २७ किलो. ते वजा न करता बॅच टाकली, तर १७० ऐवजी १९७ किलो पाणी गेलं, आणि गुणोत्तर ०.३१ चं ०.३६ झालं. ताकदही गेली, माल पण फुटला, आणि कागदावर सगळं बरोबर.

उलटही होतं. मेमध्ये खडी करकरीत कोरडी असते. तिचं शोषण दीड टक्का आणि ओल जेमतेम पाव टक्का असेल, तर ती दहा-अकरा किलो पाणी वाटेतच पिऊन टाकते. गर्डरपाशी पोचलेला माल मग ताठर. खडीवर आदल्या संध्याकाळपासून पाणी मारून ती गोणपाटाखाली ठेवली की हा प्रश्न मिटतो, आणि थंडावाही मिळतो.

ओल काम सुरू करताना, आणि नंतर ढीग बदलला किंवा सर येऊन गेली की परत मोजा. प्लांटच्या सेन्सरवर विसंबून राहू नका. तव्याशी पडताळत राहिलं तरच तो सेन्सर कामाचा.

उन्हाशी गाठ

नांदेड-परभणीकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो. आयएस ७८६१ भाग १ मध्ये ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या आत असावं म्हटलंय. एम६० च्या एससीसीला मी ३२ ची रेघ ओढतो. पाण्याच्या टाकीवर सावली, जमिनीखालची टाकी, आणि बर्फ. १७० किलो पाण्यातलं ५० किलो बर्फाच्या चुऱ्याच्या रूपात दिलं, तर नुसता बर्फ वितळतानाच मालाचं तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. लादीचे मोठे तुकडे नकोत, ते माल बाहेर पडेपर्यंत वितळत नाहीत. आणि मे महिन्यात गर्डर रात्रीच भरा. पियर कॅपसारख्या जाड भागात तर पोटातलं तापमान ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. दोन-तीन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) आत पुरून ठेवायला फार खर्च येत नाही.

हिवाळ्यात प्रश्न वेगळा. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा कित्येकदा १० च्या खाली जातो, आणि राखेच्या मालाची सुरुवातीची ताकद रेंगाळते. ताण कधी द्यायचा हे कॅलेंडरवरून ठरवू नका. गर्डरच्या शेजारीच, त्याच हवेत ठेवलेले क्यूब फोडून ठरवा.

शटरिंग आणि डक्ट

हा माल द्रवासारखाच दाब देतो. दोन मीटर उंच गर्डर झटपट भरला तर तळाला दर चौरस मीटरला ४.९ टन दाब. नेहमीच्या मालाच्या हिशेबाने लावलेले टाय रॉड इथं कमी पडतात, आणि शटर फुगलं की ते परत बसवायला वेळ नसतो. पूर्ण द्रवदाब धरूनच डिझाइन करा. सांध्यांना फोमची टेप लावा. जिथून पाणी जाईल तिथून पेस्ट जाते, आणि मागे उरते नुसती खडी.

डक्ट तरंगतात. ८५ मिमी व्यासाच्या डक्टला दर मीटरला १४ किलोचा वर उचलणारा जोर लागतो. प्रोफाइलचे आधार अर्ध्या मीटरवर घ्या, आणि फक्त खालून टेकू न देता वरूनही बांधा. डक्टच्या सांध्यावर टेप दुहेरी गुंडाळा, आणि आत एचडीपीई पाइप घालून भरल्यानंतर तो मागेपुढे ओढत राहा. पेस्ट आत शिरून घट्ट झाली तर केबल ओवायच्या दिवशी कळतं, आणि तेव्हा काहीच करता येत नाही.

खऱ्या गर्डरच्या आधी टोकाच्या भागाचा पूर्ण मापाचा नमुना भरा. खरे गज, खरे अँकर, खरी डक्ट. सात दिवसांनी तो कापून, कोअर काढून बघा. अँकर प्लेटच्या मागे पोकळी राहिली का, खडी वरपासून खालपर्यंत सारखी पसरली का. कंत्राटदार याला खर्च म्हणतो. एक गर्डर नाकारला गेला तर त्याहून कितीतरी जास्त जातं.

ओतताना

ट्रान्झिट मिक्सर आला की ओतण्याआधी ड्रम पूर्ण वेगाने एक-दोन मिनिटं फिरवा, फ्लो आणि टी५०० मोजा, प्लेटवर डोळा ठेवा, मगच चूट खाली करा. फ्लो कमी आला तर थोडं अ‍ॅडमिक्स्चर मारता येतं, तेही ट्रायलमध्ये ठरवलेल्या प्रमाणात. पाणी नाहीच. ड्रायव्हरच्या हातातली नळी सगळ्यात आधी काढून घ्या.

माल एका बाजूने ओता आणि हवेला पुढं सरकू द्या. दोन्हीकडून ओतला तर मधे हवा कोंडते. आडवं वाहणं दहा मीटरपेक्षा जास्त होऊ नये, म्हणून पंपाचा होज गर्डरच्या लांबीवर सरकवत न्या. होजचं तोंड मालाच्या पृष्ठभागाजवळ ठेवलं की उंचावरून पडून फुटत नाही. दोन गाड्यांमध्ये फार वेळ गेला तर खालचा थर दह्यासारखा धरतो आणि वरचा त्यात मिसळत नाही. बाहेरून एक रेघ दिसते, आत तो कमकुवत सांधाच असतो. म्हणून पहिली गाडी रिकामी करण्याआधी दुसरी दारात उभी पाहिजे. व्हायब्रेटर मारायचा नाही. सवयीनं कोणीतरी सुई घालतंच, आणि खडी तळाला बसते.

क्युरिंग

या मालाला वर पाणी सुटत नाही. मराठवाड्यातल्या कोरड्या वाऱ्यात पृष्ठभाग अर्ध्या तासात सुकून बारीक भेगा पडतात. फिनिशिंग झालं की लगेच पॉलिथिन अंथरा किंवा फवारा धुक्यासारखा चालू ठेवा. ‘सेट झाल्यावर पाणी मारू’ म्हणून थांबू नका. नंतर ओलं गोणपाट, चौदा दिवस. राख असल्यामुळे सात दिवसांत सोडून चालत नाही. गर्डरच्या खालच्या फ्लँजच्या आतल्या बाजूला पाणी पोचत नाही, तिथं क्युरिंग कंपाउंड लावा.

क्यूब, मशिन आणि डिझायनरला द्यायचे आकडे

क्यूब भरताना ठोकायचे नाहीत, व्हायब्रेटिंग टेबलावर ठेवायचे नाहीत. एकदाच भरा आणि थापी फिरवा. आयएस ४५६ प्रमाणे ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार. ७० न्यूटनचा १५० मिमी क्यूब फुटायला १,५७५ किलोन्यूटन लागतात. तालुक्याच्या बऱ्याच प्रयोगशाळांत २,००० किलोन्यूटनचं मशिन असतं, आणि ते टोकाजवळ चालवताना आकडा भरवशाचा राहत नाही. ३,००० चं मशिन असलेली प्रयोगशाळा आधीच शोधून ठेवा; छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आधी चौकशी करा.

ताकदीचा दाखला डिझायनरला पुरत नाही, इलॅस्टिक मॉड्युलसही (काँक्रीटचा ताठपणा) द्या. एससीसीत खडी कमी असल्यानं तो थोडा घटतो आणि त्यामुळे प्रीस्ट्रेसचा ऱ्हास व गर्डरचा उंचवटा बदलतो. आयआरसी ११२ या काँक्रीट पुलांच्या कोडमध्ये बेसाल्टसाठी मॉड्युलस १.२ पटीने वाढवायला मुभा आहे. ती डोळे मिटून घेऊ नका. आपल्याच मिश्रणाचे सिलिंडर आयएस ५१६ प्रमाणे तपासा आणि तोच आकडा डिझायनरला कळवा.

मंजूर मिश्रण कधी रद्द समजायचं, तेही लिहून ठेवा : सिमेंटचा कारखाना, राखेचा स्रोत, क्रशरची खाण किंवा अ‍ॅडमिक्स्चरचा प्रकार, यातलं काहीही बदललं की मार्श कोनपासून परत सुरुवात. खाण तीच आणि थर बदलला, तरी वाळूची आणि खडीची चाचणी नव्याने, आणि निदान एक ट्रायल भर दुपारी.